इंजेक्शनची कुपी आणि संगणकातील तज्ज्ञ

पुण्यात तयार झालेली कोव्हिशील्ड ही लस २०२१ मध्ये देशातील कोट्यवधी लोकांनी दंडावर टोचून घेतली. तिच्या माहितीपत्रकावर घटकांची एक यादी छापलेली होती. मूळ विषाणूकणांखेरीज तीत हिस्टिडीन हे अमिनो आम्ल व त्याचा क्षार, मॅग्नेशियम क्लोराइड, पॉलिसॉर्बेट-८०, इथेनॉल, सुक्रोज म्हणजे आपली साखर, सोडियम क्लोराइड म्हणजे मीठ, डायसोडियम इडिटेट आणि इंजेक्शनयोग्य पाणी एवढ्या पदार्थांचा समावेश होता. सामान्य वाचकाची नजर अशा यादीवरून सहज घसरून जाते. वस्तुतः तिच्यातील प्रत्येक नाव हा एकेक विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. हिस्टिडीन द्रावणाची आम्लता स्थिर राखते. साखर आणि मॅग्नेशियमचा क्षार विषाणूकणांना टिकाऊपणा देतात. पॉलिसॉर्बेट त्यांना काचेला चिकटू देत नाही. इथेनॉल व इडिटेट ऑक्सिडीकरणाला आळा घालतात. या यादीत परिरक्षक नाही, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. त्यामुळेच दहा मात्रांची कुपी एकदा उघडली की काही तासांतच संपवावी लागे.

असे निर्णय घेण्याचे शास्त्र म्हणजे औषधाची घडण, म्हणजेच फॉर्म्युलेशन. हे शास्त्र पुस्तकांत थोडे आणि अनुभवी रसायनतज्ज्ञांच्या डोक्यात पुष्कळ, अशा स्वरूपात दीर्घकाळ राहिले. तज्ज्ञ निवृत्त झाला किंवा दुसऱ्या कंपनीत गेला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर जाई. हे ज्ञान संगणकात उतरवून ठेवता येईल काय, या प्रश्नातून तज्ज्ञ संगणक प्रणालींचा औषधनिर्मितीत प्रवेश झाला. त्या प्रयत्नांची ही ओळख.

पहारा नसलेला मार्ग

तोंडाने घेतलेल्या गोळीला शरीरात अनेक चौक्या ओलांडाव्या लागतात. जठरातील आम्ल, आतड्याचे अस्तर आणि यकृत या प्रत्येक ठिकाणी तिची झडती होते. इंजेक्शनचे औषध या सगळ्या चौक्या टाळून थेट रक्तात, स्नायूत किंवा त्वचेखाली पोहोचते. त्याचा परिणाम झटपट होतो तो यामुळेच, आणि त्यात राहून गेलेल्या दोषाला शरीरात अडवणारे फारसे कोणी नसते तेही यामुळेच.

म्हणून इंजेक्शनाच्या औषधांना काही कठोर अटी लागू होतात. ते निर्जंतुक असले पाहिजे. अंतिम निर्जंतुकीकरणानंतर दहा लाख कुप्यांमागे एकीपेक्षा अधिक कुपीत जिवंत सूक्ष्मजीव राहण्याची शक्यता नसावी, अशी जगभर मान्य झालेली अपेक्षा आहे. जंतू मेले तरी त्यांच्या भिंतींतील एंडोटॉक्सिन हे विष मागे उरते व त्याने थंडी वाजून ताप भरतो. म्हणून नेहमीच्या इंजेक्शनांसाठी शरीराच्या प्रति किलो वजनामागे ताशी ५ एकके ही त्याची कमाल मर्यादा ठरलेली आहे. द्रावणात डोळ्यांना दिसणारे कण नसावेत आणि न दिसणाऱ्या कणांनाही मर्यादा असावी. द्रावणाचा सामू, म्हणजेच पीएच, शक्यतो रक्ताच्या ७.४ या सामूच्या जवळ असावा. त्याचा परासरण दाबही रक्ताच्या दाबाशी जुळता असावा. सलाइनमध्ये मिठाचे प्रमाण ०.९ टक्के ठेवतात ते यासाठीच. या साऱ्या अटी पाळून औषध दोन-तीन वर्षे टिकलेही पाहिजे.

एकमेकांत गुंतलेले निर्णय

या अटी एकेकट्या पाहिल्या तर सोप्या वाटतात. अडचण अशी की, एक पूर्ण करायला जावे तर दुसरी मोडते. अपस्मारावरील फेनिटॉइन हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते विरघळावे म्हणून त्याच्या पारंपरिक इंजेक्शनाचा सामू १२ च्या आसपास ठेवावा लागला आणि द्रावणात ४० टक्के प्रोपिलीन ग्लायकॉल व १० टक्के अल्कोहोल घालावे लागले. विद्राव्यतेचा प्रश्न सुटला, पण हे तीव्र अल्कधर्मी द्रावण शिरेला दाहक ठरते, आणि ग्लुकोजच्या सलाइनमध्ये मिसळले तर सामू खाली येऊन औषधाचे स्फटिक वेगळे होतात. अखेर औषधाच्या रेणूतच बदल करून पाण्यात सहज विरघळणारे फॉसफेनिटॉइन तयार करण्यात आले. अमेरिकेत त्याला १९९६ मध्ये मान्यता मिळाली.

सामू स्थिर राखणाऱ्या बफर द्रव्यांची निवड हेही असेच प्रकरण आहे. सोडियम फॉस्फेट हे शरीराला मानवणारे, स्वस्त आणि सर्वपरिचित बफर. परंतु औषध गोठवून सुकवायचे असेल तर ते दगा देऊ शकते. द्रावण गोठताना त्यातील एक फॉस्फेट क्षार आधी स्फटिकरूप होऊन बाहेर पडतो, आणि मागे उरलेल्या द्रवाचा सामू दोन-तीन एककांनी घसरू शकतो. नाजूक प्रथिनाची त्यात हानी होते. द्रवरूप इंजेक्शनात चांगला ठरलेला घटक सुकवलेल्या इंजेक्शनात घातक ठरतो, तो असा.

औषध कोणाला टोचायचे आहे, हा तिसरा पैलू. बेन्झिल अल्कोहोल हे अनेक मात्रांच्या कुप्यांतील जुने परिरक्षक. प्रौढांना ते सहसा बाधत नाही. मात्र अकाली जन्मलेल्या अर्भकांच्या शिरेतील नळ्या धुण्यासाठी ते असलेले सलाइन वापरल्याने काही बालके दगावल्याचे १९८२ मध्ये अमेरिकेत उघड झाले. एवढ्याशा जिवाचे यकृत त्या द्रव्याचा निचरा करू शकत नव्हते. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८४ मध्ये, ई-फेरॉल नावाचे ई-जीवनसत्त्वाचे इंजेक्शन अमेरिकेतच मागे घ्यावे लागले. ३८ अर्भकांच्या मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला. जीवनसत्त्व पाण्यात मिसळावे म्हणून त्यात पॉलिसॉर्बेट हीच द्रव्ये मोठ्या प्रमाणात वापरलेली होती. लशीच्या एका मात्रेत अत्यल्प प्रमाणात निर्धोक असलेले द्रव्य, अर्भकाच्या शिरेत रोज मोठ्या मात्रेत जाऊ लागले की वेगळेच रूप धारण करते.

मुरलेला रसायनतज्ज्ञ असे शेकडो अपवाद आणि त्यांची कारणे लक्षात ठेवून काम करीत असतो. नवख्याला त्यांतील बरेचसे अपयशाची किंमत मोजून शिकावे लागतात.

तज्ज्ञ प्रणाली म्हणजे काय?

नेहमीच्या संगणकीय कार्यक्रमात आकडेमोडीचे टप्पे ठरलेले असतात. तज्ज्ञ प्रणालीची रचना यापेक्षा वेगळी असते. तिचे दोन मुख्य भाग असतात. पहिला ज्ञानसंग्रह. यात 'अमुक असेल तर तमुक करावे' अशा स्वरूपाचे नियम व वस्तुस्थितीची माहिती साठवलेली असते. दुसरी अनुमान यंत्रणा. ही समोरच्या प्रश्नाला लागू पडणारे नियम शोधते, त्यांची साखळी जोडते आणि निष्कर्षाप्रत येते. ज्ञान आणि तर्क हे वेगळे ठेवल्यामुळे नवा नियम घालताना सारा कार्यक्रम नव्याने लिहावा लागत नाही.

या कल्पनेचा उगम अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात झाला. एडवर्ड फायगेनबॉम, नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये 'डेन्ड्रल' या प्रणालीचे काम हाती घेतले. वस्तुमान वर्णपटावरून अज्ञात सेंद्रिय रेणूची रचना ओळखणे हे तिचे काम होते. त्याच विद्यापीठात सत्तरच्या दशकात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी 'मायसिन' प्रणाली घडवली. रक्तातील जंतुसंसर्ग व मेंदूज्वर यांवर कोणते प्रतिजैविक द्यावे, याचा सल्ला ती शेकडो नियमांच्या आधारे देई. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत तिचे सल्ले विद्यापीठातील तज्ज्ञांच्या सल्ल्यांच्या तोडीचे ठरले. तरीही रुग्णालयाच्या नित्य वापरात ती कधीच आली नाही. सल्ला चुकल्यास उत्तरदायी कोण, आणि डॉक्टरांच्या धावपळीच्या कामात ही प्रश्नोत्तरे बसवायची कशी, हे प्रश्न तेव्हा सुटले नाहीत.

मायसिनची एक सोय मात्र पुढील सर्वांना मार्गदर्शक ठरली. वापरणाऱ्याने 'का?' असे विचारले की, आपण कोणत्या नियमाच्या आधारे हा प्रश्न विचारीत आहोत किंवा हा निष्कर्ष काढीत आहोत, हे ती प्रणाली सांगू शकत असे. इंजेक्शनाच्या औषधांच्या बाबतीत या 'का'ला किती मोल आहे, हे पुढे स्पष्ट होईल.

औषधनिर्मितीत प्रवेश

ब्रिटनमध्ये १९८३ मध्ये प्रगत माहिती तंत्रज्ञानासाठी 'आल्व्ही कार्यक्रम' सुरू झाला. त्याअंतर्गत लॉजिका या संगणक कंपनीने शेल व शेरिंग अ‍ॅग्रोकेमिकल्स यांच्या सहकार्याने कोणत्याही उत्पादनाची घडण ठरवण्यासाठी एक सर्वसाधारण आराखडा विकसित केला. कीटकनाशके व तेले यांच्यासाठी जन्मलेल्या या आराखड्याचा औषधांसाठी उपयोग करून घेण्याचे श्रेय रेमंड रो यांच्याकडे जाते. रो हे औषधांतील सहायक घटकांच्या विख्यात संदर्भकोशाचे एक संपादक. आयसीआय या कंपनीच्या औषध विभागात, जो १९९३ मध्ये झेनेका म्हणून स्वतंत्र झाला आणि १९९९ मध्ये अ‍ॅस्ट्राशी एकत्र आला, तेथे आधी गोळ्यांसाठी आणि मग इंजेक्शनाच्या औषधांसाठी अशा प्रणाली तयार झाल्या. इंजेक्शनविषयक प्रणालीचे वर्णन रो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. १९९८ मध्ये रो आणि रॉबर्ट्स यांचा या विषयावरील ग्रंथही आला.

जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठात औषधशास्त्र आणि वैद्यकीय माहितीशास्त्र या विभागांनी मिळून उभारलेल्या प्रणालीत गोळ्या व कॅप्सूलबरोबरच शिरेतून द्यावयाच्या इंजेक्शनांचाही समावेश होता. आपल्या देशातही हा विचार उशिरा पोहोचला नाही. अहमदाबादच्या कॅडिला लॅबोरेटरीजमध्ये गोळ्यांच्या घडणीसाठी बनवलेल्या अशा प्रणालीचा वृत्तान्त १९९२ मध्येच प्रसिद्ध झाला होता.

या साऱ्या प्रकल्पांतील सर्वांत जिकिरीचे काम संगणकाचे नव्हते, ते माणसांशी बोलण्याचे होते. अनुभवी तज्ज्ञाला 'तुम्ही हा घटक का निवडलात?' असे विचारले तर पुष्कळदा 'नेहमी तोच वापरतो' असे उत्तर मिळते. त्या उत्तरामागील मूळ कारण खोदून काढणे, दोन तज्ज्ञांतील मतभेद उघड करणे आणि त्यांतून सर्वांना मान्य होईल असा नियम लिहिणे, याला ज्ञानसंपादन म्हणतात. यासाठी दीर्घ मुलाखती, जुन्या नोंदवह्या आणि फसलेल्या प्रयोगांचे अहवाल यांचा आधार घेतला जातो.

प्रणाली विचार कसा करते?

एका कल्पित औषधाच्या उदाहरणावरून हे काम समजून घेता येईल. समजा, एक दुर्बल अल्कधर्मी औषध शिरेतून, एका वेळी ५० मिलिग्रॅम या मात्रेत, ५ मिलिलिटरच्या कुपीतून द्यायचे आहे. म्हणजे मिलिलिटरमागे १० मिलिग्रॅम औषध विरघळले पाहिजे. प्रणाली प्रथम औषधाची मोजलेली माहिती मागते. रक्ताच्या सामूला ते मिलिलिटरमागे पाव मिलिग्रॅमहूनही कमी विरघळते, असे आकडे सांगतात. मात्र सामू ४.५ पर्यंत आणला तर त्याच सूत्रानुसार सुमारे २० मिलिग्रॅम विरघळू शकते. तेव्हा पहिला प्रस्ताव येतो : सामू ४.५ ठेवावा.

या प्रस्तावाबरोबर पुढचे नियम जागे होतात. ४.५ सामू राखायला अ‍ॅसिटेट बफर योग्य. परंतु त्याची तीव्रता कमीत कमी ठेवावी, म्हणजे रक्तात मिसळताच द्रावणाचा सामू पूर्ववत होईल व शिरेचा दाह टळेल. येथेच दुसरा नियम धोक्याची सूचना देतो. सामू झटकन वर गेला तर औषध शिरेतच स्फटिकरूप होण्याचा संभव आहे. म्हणून रक्तात मिसळल्याचे अनुकरण करणारी चाचणी घ्यावी आणि औषध सावकाश द्यावे. परासरण दाब जुळवण्यासाठी मीठ घालण्याची सर्वसाधारण शिफारस असते. परंतु औषध हायड्रोक्लोराइड क्षाराच्या रूपात असेल तर मिठातील क्लोराइडमुळे त्याची विद्राव्यता घटते. सबब, मिठाऐवजी मॅनिटॉल सुचवले जाते. कुपी एका मात्रेची असल्याने परिरक्षक नको. औषधाचे ऑक्सिडीकरण होत असेल तर कुपीतील हवेच्या जागी नायट्रोजन भरावा, धातूंचे आयन जखडण्यासाठी इडिटेट घालावे आणि काच गडद रंगाची असावी.

अखेरीस निर्जंतुकीकरणाचा प्रश्न येतो. याचे नियम तर औषध नियंत्रकांनीच निर्णयवृक्षाच्या रूपात मांडलेले आहेत. युरोपीय नियामकांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस असा वृक्ष प्रसिद्ध केला आणि २०१९ मध्ये त्याची जागा अधिक विस्तृत मार्गदर्शक सूचनेने घेतली. पाण्यातील द्रावण १२१ अंश सेल्सियसला १५ मिनिटे वाफेची उष्णता सोसते काय, हा पहिला प्रश्न. नसल्यास कमी तीव्रतेची, पण पुरेशी परिणामकारक उष्णता सोसते काय, हा दुसरा. तेही जमत नसेल तरच सूक्ष्म गाळणीतून गाळून निर्जंतुक वातावरणात कुप्या भरण्याचा पर्याय घ्यावा. केवळ निवडलेली कुपी उष्णता सोसत नाही म्हणून पहिला मार्ग सोडता येत नाही, असेही तेथे बजावलेले आहे. शिफारस आणि तिच्यामागील कारण एकत्र सांगण्याची ही पद्धत तज्ज्ञ प्रणालीच्या स्वभावाला अगदी अनुरूप आहे.

अशा प्रकारे तयार झालेला पहिला आराखडा म्हणजे तयार औषध नव्हे. त्यावर प्रयोगशाळेत चाचण्या होतात, निष्कर्ष पुन्हा प्रणालीला दिले जातात आणि दुरुस्त आराखडा मिळतो. चाचपडण्यात जाणारा वेळ वाचतो आणि प्रत्येक निर्णयाची लेखी नोंद राहते, हा यातील लाभ होय.

नियमाला कारण हवे

तज्ज्ञ प्रणालीचे खरे मोल वेगात नाही, ते स्मरणात आहे. दोन घटना पाहिल्या की याचा उलगडा होतो.

पहिली घटना मुंबईशी निगडित आहे. वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची लस परळच्या प्रयोगशाळेत तयार होत असे. पुढे १९२५ मध्ये याच संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. लशीत आरंभी ०.५ टक्के कार्बोलिक आम्ल घालीत. उत्पादन वाढवण्यासाठी पद्धत बदलली तेव्हा हे आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवण्यात आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबमधील मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मृत्युमुखी पडले. या सर्वांना एकाच बाटलीतील लस देण्यात आली होती. चौकशीत बोट कार्बोलिक आम्ल वगळण्याकडे गेले आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. मात्र बाटली उघडताना गावातील सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे साक्षीपुराव्यांतून पुढे आले. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. कार्बोलिक असते तर ते प्राण वाचले असते किंवा कसे, याविषयी तेव्हाही तज्ज्ञांत एकमत नव्हते. घडणीच्या दृष्टीने एक गोष्ट मात्र उरते. उष्णता कारखान्यातील जंतू मारते. बाटली उघडल्यानंतर पुढे तिची राखण करण्याचे काम उष्णता करू शकत नाही. परिरक्षक काढला तर ते काम कोणाकडे सोपवले, हा प्रश्न विचारणारी व्यवस्था हवी.

दुसरी घटना जवळपास शतकानंतरची, युरोपातील आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णांतील रक्तक्षयावर दिल्या जाणाऱ्या एप्रेक्स या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनात मानवी रक्तातून मिळवलेले अल्ब्युमिन स्थैर्यासाठी वापरले जाई. रक्तजन्य पदार्थांतून रोग पसरण्याच्या भीतीने १९९८ मध्ये ते वगळून त्याऐवजी ग्लायसिन आणि पॉलिसॉर्बेट-८० घालण्यात आले. बदल सुरक्षिततेसाठीच होता. परंतु पुढील चार वर्षांत काही रुग्णांच्या शरीराने या औषधाविरुद्ध आणि त्याबरोबर स्वतःच्या एरिथ्रोपोएटिनविरुद्धही प्रतिपिंडे तयार केली, व त्यांच्यात तांबड्या पेशी तयार होणेच थांबले. दीडशेहून अधिक रुग्णांना ही बाधा झाल्याची नोंद आहे. पॉलिसॉर्बेटमुळे सिरिंजच्या रबरी भागातून काही द्रव्ये झिरपली असावीत, असा एक तर्क मांडण्यात आला. अन्य तर्कही होते आणि अखेरचा शब्द आजही कोणी उच्चारलेला नाही. आवरण असलेले रबर वापरणे आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना औषध त्वचेखाली देण्याऐवजी शिरेतून देणे, या उपायांनंतर असे रुग्ण झपाट्याने कमी झाले.

दोन्ही ठिकाणी एक घटक काढला गेला आणि तो एकाहून अधिक कामे करीत होता. 'स्थैर्यासाठी अल्ब्युमिन घालावे' एवढाच नियम संगणकात असता, तर त्याच्या जागी दुसरे स्थैर्यकारक द्रव्य सुचवून संगणक मोकळा झाला असता. याउलट, प्रत्येक घटकाची ज्ञात असलेली सारी कामे, तो कोणत्या कुपीत व कोणत्या बुचाबरोबर वापरून पारखलेला आहे आणि कोणत्या रुग्णांत वापरलेला आहे, हे कारणांसह नोंदलेले असेल, तर बदल सुचवताच प्रणाली उरलेल्या कामांची यादी समोर ठेवू शकते. तिला न ठाऊक असलेला धोका ती ओळखू शकणार नाही, हे खरे. पण नवे द्रव्य आणि जुने रबर यांची जोडी आजवर पारखलेली नाही, एवढे तरी ती सांगू शकते. अनेकदा तेवढी सूचनाही पुरेशी असते.

नियमांकडून विदेकडे

नव्वदच्या दशकापासून या क्षेत्रात दुसरा प्रवाह मिसळू लागला. तज्ज्ञाकडून नियम लिहून घेण्याऐवजी शेकडो प्रयोगांच्या आकड्यांतून संगणकानेच संबंध शोधावेत, ही त्यामागील कल्पना. औषधाच्या घडणीसाठी कृत्रिम न्यूरॉन जाल वापरल्याचा निबंध १९९१ मध्येच प्रसिद्ध झाला होता. आज यंत्र-शिक्षणाच्या पद्धती वापरून प्रतिपिंडांच्या दाट द्रावणांचा चिकटपणा, औषधांची विद्राव्यता किंवा साठवणुकीत प्रथिनांच्या गुठळ्या होण्याची शक्यता यांचे अंदाज बांधले जातात.

नियम आणि मोजमाप यांची सांगड घालणारे एक उपयुक्त उदाहरण गोठवून सुकवण्याच्या यंत्राचे आहे. ही प्रक्रिया कित्येकदा काही दिवस चालते. औषध फार तापले तर कुपीतील सच्छिद्र वडी ढासळते, फार थंड ठेवले तर वेळ व वीज वाया जाते. २००५ मध्ये टँग, नेल आणि पिकल यांनी वर्णन केलेल्या पद्धतीत सुकवण्याचा कक्ष काही सेकंद बंद करून आतील दाब कसा वाढतो ते मोजतात. त्यावरून कुपीतील बर्फाचे तापमान काढले जाते आणि प्रणाली पुढील टप्प्यासाठी योग्य तापमान व दाब सुचवते.

नियामकांची भूमिकाही याच सुमारास बदलली. गुणवत्ता अखेरच्या तपासणीतून नव्हे तर घडणीच्या पहिल्या टप्प्यापासून साकारली पाहिजे, हे तत्त्व २००५ मध्ये संमत झालेल्या 'क्यू-८' या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनेने रूढ केले. एखादा घटक का निवडला आणि त्याचे प्रमाण अमुकच का, याचे शास्त्रीय समर्थन कंपनीकडून अपेक्षित असते. कृत्रिम बुद्धिमत्तेने दिलेल्या निष्कर्षांवर कितपत विसंबावे, याची चौकट मांडणारा मसुदा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. निष्कर्ष चुकल्यास होणारी हानी जितकी मोठी, तितका त्या प्रतिकृतीवरील विश्वास सिद्ध करण्याचा भार अधिक, असे त्याचे सूत्र आहे.

येथेच दोन्ही प्रवाहांतील फरक ठळक होतो. आकड्यांतून शिकलेली प्रतिकृती जुन्या तज्ज्ञ प्रणालीपेक्षा अधिक अचूक अंदाज करू शकते, मात्र 'का?' या प्रश्नाला तिच्याकडे पुष्कळदा सरळ उत्तर नसते. शिवाय ती ज्या आकड्यांवर शिकते ते बहुधा यशस्वी प्रयोगांचे असतात. फसलेल्या घडणींच्या नोंदी कंपन्यांच्या कपाटांत बंद राहतात, आणि इंजेक्शनाच्या शास्त्रात तर अपयशातून मिळालेले धडेच सर्वांत मोलाचे असतात. म्हणून अंदाज यंत्र-शिक्षणाने करावा, परंतु त्याची पडताळणी कारणांसह लिहिलेल्या नियमांनी करावी, अशी मिश्र रचना श्रेयस्कर ठरते.

अखेरचा शब्द कोणाचा?

उत्तम तज्ज्ञ प्रणालीची काही लक्षणे यावरून सांगता येतील. तिच्या प्रत्येक नियमाला कारण, आधार आणि तारीख जोडलेली असावी. नियम कोणत्या रुग्णांना, कोणत्या मार्गाने दिल्या जाणाऱ्या औषधांना आणि कोणत्या कुपीला लागू आहे, याची सीमा स्पष्ट असावी. त्या सीमेबाहेर गेल्यावर प्रणालीने अंदाज ठोकण्याऐवजी 'येथे माझे ज्ञान संपते' असे कबूल करावे. बाजारातून औषध मागे घेण्याची प्रत्येक घटना आणि प्रत्येक नवा दुष्परिणाम यांनी ज्ञानसंग्रह अद्ययावत होत राहावा. हे काम सांभाळणारा माणूस नेमलेला नसेल तर चांगली प्रणालीही काही वर्षांत जुन्या समजुतींची गोदी बनते. आणि स्वाक्षरी करणारा रसायनतज्ज्ञ हा प्रणालीचा निर्णय समजून घेऊन तो नाकारण्याइतका जाणता असावा.

औषधनिर्मितीत आज भारताचा, आणि लशींच्या बाबतीत विशेषतः पुण्याचा, जगात मोठा वाटा आहे. येथील प्रयोगशाळांत गेल्या काही दशकांत साठलेले अनुभवाचे धन हे यंत्रसामग्रीइतकेच मोलाचे भांडवल आहे. ज्येष्ठ तज्ज्ञ निवृत्त होण्याआधी त्यांच्याकडून नुसते 'काय करावे' एवढेच लिहून घेतले तर ते भांडवल अर्धेच हाती लागेल. बेन्झिल अल्कोहोल अर्भकांना देऊ नये, हा नियम एका ओळीचा आहे. ते का देऊ नये, हे ज्याला किंवा ज्या यंत्राला ठाऊक आहे, तेच उद्या वेगळ्या नावाने येणाऱ्या तशाच द्रव्यापुढे थबकेल.